दर्यात माणूस असताना

"लाईट गेली काय गो, दर्शे?" आईने विचारलं.

भर सकाळ होती. आम्ही मासळीबाजाराच्या उघड्या ओट्यावर बसलो होतो आणि ऊन असं, की पाटीतल्या बर्फाचं बघता बघता पाणी होत होतं. आईच्या दोन्ही हातांत सुरमई, ती मोरलीच्या पात्यावर अर्धी कापलेली, समोर गिऱ्हाईक ताटकळलेलं, आणि आई कुठेच बघत नव्हती. डोळे उघडे होते, पण माझ्या खांद्यावरून कुठेतरी पलीकडे गेलेले.

"कसली लाईट, आय? उजेड हाय की."

"थांब जरा," ती शांतपणे म्हणाली. मग पापण्या दोनचारदा मिटल्या, उघडल्या, आणि काही झालंच नाही अशा थाटात तिने तुकडी पाडली. गिऱ्हाईकाला कळलंही नाही. मी मात्र बघितलं, पातं तिच्या अंगठ्याला चाटून गेलं होतं.

शेजारच्या ओट्यावर आजी बसायची, बाबांची आई. धाकलीबाय म्हटलं की दलालसुद्धा आवाज खाली आणायचे. ती बोंबलांवरच्या माश्या हाकत म्हणाली, "एकादशी धरते, संकष्टी धरते, श्रावन सोडत नाय. मग डोल्यापुढं अंधारी नाय येनार तर काय चांदनं पडनार?"

आई हसली आणि विषय तिथेच संपला असता. पण बाजार उठल्यावर रिकाम्या पाट्या उचलायला ती वाकली आणि पुन्हा तेच झालं. भिंत धरून उभी राहिली. तेव्हा कुठे तिने कबूल केलं, की वाकलं की असं होतं, दिवाळीच्या आधीपासून होतंय, डोकंही ठणकतं. "तुझे बाबा बोटीवर निघालेले. त्यांच्या पायांत कशाला अडकवू?"

बाबा म्हणजे जोमा नाखवा. बोट स्वतःची, खलाशी गावचेच. वेरावळच्या अंगाला गेले की आठवडा-पंधरवडा तिकडेच. मोबाइल होता त्यांच्याकडे, पण किनारा दिसेनासा झाला की तो नुसता ठोकळा. बोटीशी बोलायचं तर वायरलेस, तोही एका बोटीने ऐकून दुसरीला सांगायचा. त्यांना कळवायच्या भानगडीत न पडता मी आईला सरळ अलिबागला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरबाई तरुण होत्या. थेंब घातले, दिवा लावून खूप वेळ आत बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली. "डोळ्यांत काही नाही. डोळ्यांमागची नस सुजलीय, दोन्हीकडे. डोक्याला मार लागला होता?"

"नाय."

"डोक्यावर कुठे गाठ, सूज?"

"नाय." मग आई लाजून म्हणाली, "पाटीचा घट्टा हाय तेवढा."

हा घट्टा आमच्याकडे कुणाला नवा नाही. जन्मभर डोक्यावर मासळी वाहिली की टाळूची कातडी राठ होतेच. आईने तिथे आलेला उंचवटा घट्टाच समजून सोडून दिला होता. तेवढ्यावर ती थांबली नव्हती. पाटीखाली ठेवायची चुंबळ तिने नव्याने वळली, मधलं भोक मोठं ठेवून, म्हणजे उंचवटा बरोबर भोकात बसेल आणि पाटीचा भार कडेवर येईल. युक्ती नामी होती. पाटी डुगडुगायची थांबली, टोचायचं थांबलं, आणि वरून अंबाडा अन् वेणी. आम्ही दोघी एकाच आरशासमोर केस विंचरायचो, तरी मला पत्ता नव्हता.

बाईंनी अंबाडा सोडला आणि केसांत बोटं घातली. बोटं एका जागी थांबली. मग त्यांनी माझा हात ओढून तिथे ठेवला. अर्ध्या बटाट्याएवढं काहीतरी होतं, टणक, हलवलं तर न हलणारं. कातडी त्याच्यावरून सरकत होती. ते कातडीचं नव्हतंच, खालच्या हाडातूनच आलं होतं.

"आजच मुंबई गाठा," बाई म्हणाल्या.

"उद्याची मासली सांगून ठेवलीय मी," आई म्हणाली.

"आजच," बाईंनी पुन्हा सांगितलं, आणि या वेळी त्या माझ्याकडे बघून बोलल्या. मी हात आईच्या केसांतून काढून घेतला होता, पण तळव्याला तो उंचवटा लागतच राहिला.

आजी न विचारता आमच्याबरोबर निघाली. "मुंबय मना ठाव हाय. तुमी दोघी रस्ता चुकाल," एवढंच बोलली.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या आणि डॉ. सबनीस नावाच्या सर्जनांनी आम्हाला बोलावलं. साठीचे, चष्मा कपाळावर, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली.

"हे कवटीचं हाड. याला दोन पापुद्रे असतात, चपातीला असतात तसे. गाठ मधे उगवलीय आणि दोन्हीकडे फुगलीय. बाहेर दिसते त्याहून आत जास्त. डोक्यातलं रक्त खाली उतरवणारी मोठी शीर बरोबर इथून जाते. गाठ तिच्यावर बसलीय. रक्त तुंबतंय, म्हणून नजर जातेय."

"कॅन्सर आहे?" मी विचारलं.

"असेल, नसेल. कवटीच्या हाडात उगवणाऱ्या गाठी मी उभ्या जन्मात बोटांवर मोजण्याइतक्या पाहिल्यात. नुसत्या फोटोवरून शपथ घेणार नाही."

"आधी तुकडा काढून तपासता येत नाही का?"

"ही रक्ताने भरलेली दिसतेय. सुई टोचली आणि वाहायला लागली, तर बूच कुठे मारू? आधी मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी वर नेऊन गाठीचा रक्तपुरवठा तोडायचा. दुसऱ्या दिवशी हाडासकट गाठ बाहेर. थांबलो तर डोळे जातील. गेलेली नजर मला परत आणता येत नाही."

"आणि ती शीर फाटली तर?"

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "तर टेबलावरच जाऊ शकतात. आधीच सांगून ठेवतो."

आजीला त्यातलं किती कळलं कोण जाणे. ती फिल्मकडे टक लावून बघत होती. अडचण आली ती वॉर्डात परतल्यावर. सिस्टरने सहज सांगावं तसं सांगितलं, की ऑपरेशनच्या सकाळी न्हावी येऊन पूर्ण डोकं भादरेल, आणि मंगळसूत्र, बांगड्या, टिकली काढून घरच्यांकडे द्यायची.

आई उठून बसली. "ते बंदराला लागूं दे. मग काय भादराचं ते भादरा."

"कोण बंदराला लागू दे?" सिस्टरला कळेना.

"हिचा दादला," आजी म्हणाली. "माझा पोर. दर्यात हाय तो. बाईचं डोकं कंदी भादरतात गो? दादला मेल्यावर. कुंकू कंदी पुसतात? जिता मानूस पान्यात असताना त्याच्या बायकोची रांड करून बसवता?"

मी आजीशी वाद घातला, पण मला आतून ठाऊक होतं की हे नुसतं म्हातारीचं खूळ म्हणून झटकता येण्यासारखं नाही. माणूस पाण्यात असताना आमच्या घरात कपाळ रिकामं राहत नाही, हात रिकामे राहत नाहीत. करंड्यातलं कुंकू संपलं तरी संपलं म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात. आजोबांची बोट गेली त्या सकाळी आजी कासारापुढे बसली होती. जुन्या बांगड्या वाढवून झाल्या होत्या, नव्या भरायच्या होत्या, आणि तेवढ्यात बंदरावरून माणूस धावत आला. पुढे कित्येक वर्षं बायका तिच्या पाठीमागे तेच बोलत राहिल्या, की हिचे हात रिकामे होते म्हणून बोट बुडाली. हे ती स्वतः कधी सांगत नसे. आम्हाला गावानेच ऐकवलं होतं.

त्यात गावाकडून फोन आला की बंदरात बावटा लागला आहे. खोल समुद्रात वादळ उठलं होतं, बोटींना माघारी बोलावत होते, आणि बाबांच्या बोटीचा वायरलेसवर जबाब येत नव्हता. आजी ते ऐकून खाटेच्या पायथ्याशी बसली ती बसलीच. डॉ. सबनीस फेरीला आले, त्यांनी आईला पुन्हा समजावलं. आईचं एकच म्हणणं, "ते येतील. मग करा." त्यांनी विचारलं, कधी येतील? आई म्हणाली, "दर्याला ठाव."

दुसऱ्या दिवशी दुपारी चहा आला. आईने कप घेतला, प्यायली आणि शेजारच्या स्टुलावर ठेवायला गेली. स्टूल तिथे नव्हतं, पलीकडे होतं. कप खाली पडला.

"दर्शे," ती म्हणाली, "या येली परत येत नाय गो."

मी तिचा हात धरला. डोळ्यांपुढे बोटं नाचवली. ती दुसरीकडेच बघत होती आणि हसायचा प्रयत्न करत होती, माझ्यासाठी. सिस्टर धावली, इंजेक्शन दिलं. हळूहळू उजव्या डोळ्याला धुरकट उजेड परत आला, डाव्याला जेमतेम. अशी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. आणि मग त्या भीतीचा राग झाला. आजी व्हरांड्यात उभी होती, तिला मी गाठलं.

"आजी, तुझ्या पोरापायी माझ्या आयला आंधली करशील?"

एकाला चार सुनावणारी बाई. मला वाटलं, आता कानाखाली बसते. तिने आत जाऊन पिशवी काढली, चपला घातल्या आणि ती जिना उतरून गेली. मला थोडं भ्यायला झालं, पण आईला सोडून तिच्यामागे जाणं शक्य नव्हतं.

दिवेलागणीला ती परत आली. लुगड्याला डिझेलचा वास, पाय ओले. सरळ आईच्या खाटेवर बसली.

"ससून डॉकला गेलेली. आपल्या गावची बोट लागलीय तिथं. तिच्या वायरलेसवरनं जोमाशी बोलली."

आईने तिचा हात चाचपडून पकडला. "लागले? कुठं हान ते?"

"हान आडोशाला कुठंतरी. मशीनचा आवाज लय, नीट कललं नाय. पन मी सगला सांगितला त्याला. गाठ सांगितली, डोले सांगितले. तो बोलला, केस काढा. माझी वाट बघू नका बोलला. दोनदा बोलला."

"कुंकवाचं?"

"तेही बोलला. जे डॉक्टर सांगंल ते करा बोलला."

आई उशीवर पडली आणि तिच्या तोंडावर किती दिवसांनी सैल हसू आलं. "मग बोलवा न्हाव्याला," ती म्हणाली. मी तशीच धावत जाऊन डॉक्टरांना गाठलं. जिन्यात मला रडू फुटलं, पण ते सुटकेचं होतं. बाबा जिवंत होते आणि आई कबूल झाली होती.

मांडीतून नळी घालायचं काम पार पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हावी आला. आईचे केस कमरेखाली जायचे, आमच्या आळीत तसे कुणाचे नव्हते. ते चादरीवर पडत गेले आणि ती गाठ उघडी पडली. कातडीखाली निळसर दिसत होती. मग मंगळसूत्र आणि बांगड्या काढायच्या होत्या. मी पुढे झाले तर आजीने मला मागे सारलं. एकेक बांगडी तिने साबण लावून सोडवली, एकही पिचू दिली नाही. शेवटी पदराचं टोक ओलं करून आईचं कुंकू तिने स्वतः पुसलं. पुसताना तिने डोळे मिटून घेतले होते.

आई तिथे बसली होती. डोकं भुंडं, कपाळ पांढरं, हात आणि गळा मोकळे. खरं सांगते, त्या क्षणी मला आईसाठी भीती वाटली नाही. मला वाटलं, बाबा गेले. बाबांचा निरोप आला होता, मी स्वतः ऐकलं होतं, तरीही वाटलं.

तिला आत नेलं. दार बंद झालं. मी बाकावर बसले आणि एकवीरा आईला काय काय कबूल केलं ते आता सगळं आठवतही नाही. कुणी डॉक्टर घाईने आत गेला की वाटायचं, शीर फाटली. रक्ताच्या पिशव्या घेऊन एक माणूस धावत गेला आणि मी उभी राहिले, मग पुन्हा बसले. आजी माझ्याजवळ नव्हती. व्हरांड्याच्या पार टोकाला, भिंतीकडे तोंड करून बसली होती, पदर पूर्ण डोक्यावरून ओढलेला. पाणी नेऊन दिलं तर घेतलं नाही. तिकडे कुणाच्या तरी रेडिओवर वादळाच्या बातम्या चालल्या होत्या, बोटी बेपत्ता असल्याचं सांगत होते. मी तिला म्हटलं, "आजी, परत एकदा बोलून घे ना बाबांशी." ती पदराआडून म्हणाली, "ब्याटरी वाचवत असंल तो." मला तिचा राग आला. सुनेसाठी एका बाकावर येऊन बसवेना हिला, असं मनात आलं.

डॉ. सबनीस बाहेर आले तेव्हा त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. "निघाली," ते म्हणाले. "सगळी निघाली. रक्त बरंच गेलं, शीर वाचली. हाडाच्या जागी सिमेंट भरलंय, हॉस्पिटलातलं. आता जे निघालं ते काय आहे, ते तपासू दे."

मी व्हरांड्याच्या टोकापर्यंत धावत गेले. "आजी, आय वाचली." तिने मान हलवली. तोंड सुजलं होतं. ती उठली आणि आधी माझं डोकं छातीशी धरलं, मग म्हणाली, "चल, तिला कुंकू लाव आधी."

पट्टीच्या खाली कपाळ जेमतेम बोटभर उरलं होतं. तिथे मी कुंकू लावलं. आईने उजव्या डोळ्याने, मग डाव्या डोळ्याने बघितलं. डावीकडे थोडं धूसर होतं, ते तसंच राहिलं. पण माझं नाक, आजीचे दात, पंख्याची पाती, सगळं तिने ओळखून दाखवलं.

त्यानंतरचे दिवस रिपोर्टच्या भीतीत गेले. बावटा उतरला, तरी बाबांचा पत्ता नव्हता. आई निर्धास्त होती, "बोललेत ना ते," म्हणायची. आजी त्या वेळी उठून नळाकडे जायची. मग एका दुपारी डॉ. सबनीस स्वतः रिपोर्ट घेऊन आले. "हाडातल्या रक्तवाहिन्यांची गाठ. कॅन्सर नाही. क्वचितच होते, आणि पूर्ण काढली की सहसा परत येत नाही." आईने त्यांना हात जोडले. आजीने त्यांच्या पायांना हात लावला आणि ते दचकून मागे सरकले.

बाबा त्यानंतर आले. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. वादळाने बोट गुजरातच्या एका खाडीत ढकलली होती. तिथून किनारा लागल्यावर गावाला फोन केला आणि आई हॉस्पिटलात आहे एवढंच कळलं, तसे थेट इकडे निघाले. दारातून त्यांनी आईला बघितलं, ते पट्टी बांधलेलं डोकं बघितलं आणि चौकटीला धरून उभे राहिले.

"हे कंदी झालं? मना एका शब्दानं कुनी सांगितलं नाय."

"असं काय करता?" आई हसत म्हणाली. "तुमीच बोललात ना, केस काढा. वायरलेसवर. तुमच्या आयशी बोललात."

"वायरलेस?" बाबा म्हणाले. "पयल्या लाटेलाच वायरलेस बंद पडला. तवापासनं मी कुनाशी बोललो नाय."

आम्ही तिघांनी आजीकडे बघितलं. ती मोसंबं सोलत होती. सोलून झालं, चार फोडी तिने बाबांच्या हातावर ठेवल्या आणि पाणी आणायचा तांब्या घेऊन बाहेर गेली.

मी तिच्यामागे गेले. नळ चालू होता, तांब्या भरून वाहत होता, तिचं लक्ष नव्हतं. मी नळ बंद केला.

"आजी, तू खोटं बोललीस."

"हां."

"डॉकला गेली होतीस ना?"

"गेलती. त्या पोरानं लय हाका मारल्या वायरलेसवर. कुनी बोललं नाय."

"मग बाबा बुडालेले असते तर?"

"तर गावानं इचारलं असतं, केस कुनाच्या सांगन्यावरनं काढले. तुझ्या आयनं जन्मभर उत्तर देत बसायचं? मी दिलं असतं. मना सवय हाय."

तिने तांब्या उचलून कडेवर घेतला. मी म्हटलं, "तुना भीती नाय वाटली?"

"भीती कसली? मना वाटलं, गेलाच तो," आजी म्हणाली. "तुझी आय आत होती, तवा मी तिकडं भिंतीशी बसून त्याला रडून घेतला. आता आलाय तर त्याला जेवायला घालू दे."